त्यांच्या हातचं पाणी

कोणी पडलं की ते आधी हात पसरायचे. दोन्ही हात खांद्याच्या रेषेत, शेतातल्या बुजगावण्यासारखे. मग आवाज यायचा, "सरका गा, सरका! हवा येऊ द्या त्याले!" गर्दी सरकायची. मग ते पडलेल्या माणसाशेजारी बसायचे आणि त्याचा ताबा घ्यायचे.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. प्रत्येक वस्तीत एक असतो. कोणाला चक्कर येवो, कोणाचा पाय मोडो, तो धावत येतो, सगळ्यांना कामाला लावतो. तू पाणी आण, तू कांदा फोड, तू तळपाय घास. आमच्या लेआउटमधला तो माणूस म्हणजे भाऊजी. त्यांची बायको याच लेआउटमध्ये लहानाची मोठी झाली, म्हणून ते लेआउटचे जावई आणि आम्हा सगळ्यांचे भाऊजी. नाव सांगत नाही. ताई अजून तिथंच राहतात.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत एक कांदा कायम असायचा. जॅक नसेल, पाना नसेल, पण कांदा असायचाच. कांद्यानं भागलं नाही तर पायातली चप्पल. एकदा मे महिन्यात भाजीवाली बाई उन्हानं आमच्या फाटकाशी कोसळली. भाऊजींनी तिच्या नाकाला चप्पल लावली. बाई ताडकन उठून बसली आणि म्हणाली, "शुद्ध कुठून येईल बाप्पा, वासानंच जीव चालला होता!" हा किस्सा ते स्वतःच हसून हसून सांगायचे. भाजीवालीही सांगायची.

आता वाटतं, त्यांच्या हाताखालून जे उठले ते तसेही उठणार होते. जे उठले नाहीत त्यांच्याबद्दल कोणी कधी विचारलं नाही. तिरडी बांधायलाही तेच पुढे असायचे, त्यामुळे विचारायचं कोणाला?

आम्ही एकाच कारखान्यात होतो, हिंगण्याच्या एमआयडीसीत. तिथं पाइप बनतात. मी अकाउंट्सला, ते स्टोअरचे इनचार्ज. कंपनीच्या बसमध्ये माझी जागा ते आधीच धरून ठेवायचे. "बस वं साळीबाई," मेहुणीच्या नात्यानं म्हणायचे आणि खिडकी मला द्यायचे. नागपूरच्या उन्हात खिडकीची जागा देणं म्हणजे उपकार की सूड, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

बसमध्ये त्यांनी मला त्यांच्या मेहुण्याची गोष्ट कितीदा सांगितली असेल. ताईंचा धाकटा भाऊ. लग्नाचं जमत होतं.

"होळी झाली होती. कूलर काढाचा दिवस. आम्ही दोघांनी माळ्यावरून कूलर उतरवला, अंगणात ठेवला. तो जुनी खस काढाले वाकला अन् तसाच कलंडला. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सगळ्याईले म्हटलं, सरका, हवा येऊ द्या. तं तो तोंड उघडून राहिला, मिटून राहिला. उघडून राहिला, मिटून राहिला. तहान लागली होती वं त्याले. मी गडव्यानं पाणी पाजलं. थोडं आत गेलं, थोडं गालावरून आलं. मंग शांत झाला. शेवटचं पाणी माह्या हातचं पेला."

 इथं ते दर वेळी खिशातून रुमाल काढून मान पुसायचे, डोळे नाही.

मेहुणा गेल्यावर सासूबाई यांच्याकडे राहायला आल्या. लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये, असं मानणारी ती बाई. पण या घरात सकाळचा पहिला ग्लास भाऊजी स्वतः नेऊन द्यायचे आणि ती घ्यायची. कोणी आलं-गेलं की सांगायची, "जवाईबापूंनी माह्या लेकराले तहानलेलं जाऊ नाही दिलं. त्याच्या हातचं पाणी म्हणजे माह्या पोराच्याच हातचं."

मग एका वर्षी, होळीच्या सुमारास, कंपनीच्या सेफ्टी वीकमध्ये एक नर्स आली. प्लास्टिकचा अर्धा माणूस घेऊन आली. डोकं आणि छाती, कमरेखाली काही नाही. कॅन्टीनची टेबलं बाजूला सारून आम्हाला बसवलं. भाऊजी पहिल्या रांगेत.

"गाव कोणतं बेटा?" त्यांनी सुरुवात केली.

"खापा."

"कन्हानच्या काठचं! अन् याचं गाव कोणतं? याच्या तंगड्या कोणी नेल्या?"

सगळे हसले. तीही हसली आणि म्हणाली, "काका, तुम्हीच या पहिले."

भाऊजी बाह्या सारून पुढे गेले, गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हात पसरून ओरडले, "सरका, हवा येऊ द्या!" टाळ्या पडल्या. मग त्यांनी तळहातावर तळहात ठेवून त्या प्लास्टिकच्या छातीवर थोपटायला सुरुवात केली.

"काका, कुरवाळू नका. दाबा."

"बरगडी मोडन न वं."

"मोडू द्या. मोडलेली बरगडी जुळते. थांबलेलं हृदय आपोआप चालू होत नाही."

त्यांनी दाबलं. आतून टक् असा आवाज आला. पोरगी म्हणाली, बरोबर, असंच, जोरात, न थांबता, रुग्णवाहिका येईपर्यंत. थकलात तर दुसऱ्यानं घ्यायचं, पण थांबायचं नाही. भाऊजी घामाघूम होऊन उठले, विजयी चेहऱ्यानं जागेवर येऊन बसले.

मग तिनं काय करायचं नाही ते सांगायला घेतलं. कांदा नाही. आमच्याकडचे सगळे भाऊजींकडे बघून खिदळले. चप्पल नाही. हशा. उठवून बसवायचं नाही, तळपाय घासत वेळ घालवायचा नाही, तोंडात पाणी घालायचं नाही. प्रत्येक वाक्याला कोणीतरी "भाऊजी!" म्हणून ओरडत होतं आणि भाऊजी दोन्ही हातांनी कान धरून दाखवत होते. त्यांच्याइतकं कोणीच हसत नव्हतं.

"आणि एक लक्षात ठेवा," ती म्हणाली. "कधी कधी पडलेला माणूस असं करतो." तिनं मान मागे टाकली. तोंड उघडलं, मिटलं. थांबली. पुन्हा उघडलं, मिटलं. पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखं. "लोकांना वाटतं श्वास चालू आहे. तो श्वास नाही. हृदय थांबल्यावरची धडपड आहे. तेव्हाच दाबायला लागायचं."

मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांचे हात अजून कानांवरच होते.

"पाणी मागत असंल तं?" त्यांनी विचारलं.

"बेशुद्ध माणूस पाणी मागत नाही, काका."

"अन् दिलं तं?"

"आत जाऊन श्वासाच्या नळीत अडकेल. का, कोणी दिलं होतं का?"

"नाही. असंच विचारलं."

चहा झाला, सामोसे झाले. परतीच्या बसमध्ये पोरांनी जोर धरला. "भाऊजी, चक्कर येऊन राहिली, चप्पल द्या!" भाऊजींनी खरंच पायातली चप्पल काढून मागे भिरकावली. बस हसून हसून हलली. माझ्या बाजूला बसलेला माणूस मात्र एका पायात चप्पल घालून समोरच्या सीटकडे बघत होता.

आमचा स्टॉप आला तरी ते उठले नाहीत. मीही थांबले. बस रिकामी झाल्यावर म्हणाले, "तू ऐकलं न वं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं, भाऊजी. आणि दाबलं असतं तरी वाचलेच असते असं थोडंच आहे?"

"तेही विचारलं मी तिले, चहाच्या वक्ताले. म्हणे, सांगता येत नाही काका, पन संधी भेटली असती." मागे भिरकावलेली चप्पल शोधायला ते वाकले. "मले माहीत नव्हतं ते खरं. पन मले वाटत होतं का मले माहीत आहे. मी सगळ्याईले सरकवलं. त्या गर्दीत एखादा असंल ज्याले येत असंल. त्यालेही मीच सरकवलं."

 ड्रायव्हरनं लाइट बंद केले तेव्हा आम्ही उतरलो.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. भाऊजींनी कोणाला काही सांगितलं नाही. सकाळचा ग्लास ते तसाच नेऊन देत होते आणि सासूबाई तसाच घेत होत्या. ताई म्हणायच्या, "यांची झोप उडाली आहे, साखर तपासली पाहिजे."

पितृपक्षात मेहुण्याचं पान होतं. मला जेवायला बोलावलं होतं, आणखी चार घरची माणसं होती. वडे, कढी, तांदळाची खीर. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि नव्यानं राहायला आलेल्या एका बाईला सांगत होत्या, "माह्या लेकराले तहानलेलं जाऊ नाही दिलं जवाईबापूंनी."

"आई, तो पाणी मागत नव्हता," भाऊजी म्हणाले.

त्यांचा हात ताटात होता. सासूबाईंना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"तं काय मागत होता?"

"काहीच नाही. त्याचं काळीज बंद पडलं होतं. तवा छाती दाबा लागते. जोरात. मी पाणी टाकलं. ते आत गेलं, श्वासाच्या नळीत. मी त्याले आतल्या आतच बुडवला, आई."

कोणी जेवत नव्हतं. ताई वाढता वाढता थांबल्या, त्यांच्या हातातली पळी कढीत बुडाली.

"कोणी सांगतलं?" सासूबाईंनी विचारलं.

"कंपनीत शिकवलं. होळीच्या वक्ताले."

"होळीपासून पोटात होतं तं मरेपर्यंत राहू द्याचं होतं!" ताई ओरडल्या. "हे आज सांगाचं होतं? आईसमोर? कायले सांगतलं? तुम्हाले हलकं वाटावं म्हणून?"

मला आजही वाटतं की ताईंचा प्रश्न बरोबर होता. सासूबाईंनी आरडाओरडा केला नाही. समोर पाण्याचा ग्लास होता, भाऊजींनीच भरलेला. त्यांनी तो एका बोटानं लांब सरकवला. फरशीवर त्याचा आवाज झाला. एवढंच.

त्या दिवसापासून त्या जावयाच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. बोलल्याही नाहीत. जायला दुसरी जागा नव्हती. मुलाचा जीव ज्याच्या मांडीवर गेला त्याच्याच छपराखाली, त्याच्याच पैशाची पोळी खाऊन राहायचं होतं. अशी शिक्षा तिला कोणत्या गुन्ह्याची, हे कोणी विचारलं नाही.

भाऊजी बदलले. आम्हाला वाटलं होतं, आता मिटून जातील. झालं उलटं.

लेआउटमधले एक निवृत्त मुख्याध्यापक सकाळी व्हरांड्यात पेपर वाचता वाचता गेले. तिसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. सतरंजीवर माणसं बसलेली, मुख्याध्यापकीण बाई भिंतीशी. अशा ठिकाणी काय बोलायचं असतं ते तुम्हाला माहीत आहे. शांत गेले, पुण्यवान होते, त्रास झाला नाही. भाऊजी बसले आणि मुलाला म्हणाले, "छाती दाबली का कोणी?"

"काय?"

"पडले तवा. छाती दाबली का?"

"आम्ही लगेच गाडी काढली."

"गाडी काढाले वेळ लागला असंल न."

मुलगा काही बोलायच्या आधी बाईच बोलल्या. खरं बोलायची सवय असलेली बाई. "किल्ली सापडत नव्हती. मग समोर कोणाची तरी गाडी लावलेली होती, ती काढायला लावली. मी वारा घालत होते."

"तेवढ्या वक्तात दाबाची होती," भाऊजी म्हणाले. "वाचले असते का नाही ते देव जाणे. पन कोणी दाबलीच नाही."

मुलानं त्यांची कॉलर धरली. दोघा-तिघांनी मिळून त्यांना फाटकाबाहेर काढलं. जाताना कोणीतरी त्यांच्या पाठीत बुक्की घातली, मी पाहिलं. नाव घेत नाही. तो माणूस दर वर्षी त्यांच्याकडून कूलर दुरुस्त करून घ्यायचा.

रस्त्यात मी भांडले. "मेलेल्या माणसाच्या घरी असं विचारतात का, भाऊजी? त्या बाईला आता जन्मभर झोप लागेल का?"

"नाही लागनार."

"मग?"

"जित्याच्या घरी विचारून पाह्यलं वं मी. दारोदार गेलो, दाबून दाखवाले उशी घेऊन. हसतेत. म्हणतेत, भाऊजी, चहा घ्या. मेल्याच्या घरी कोणी हसत नाही. तिथं ऐकतेत."

हे क्रूर होतं. ते त्यांनाही माहीत होतं, म्हणून त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं नाही. त्यानंतर ते आणखी दोन-तीन घरी गेले आणि तोच प्रश्न विचारला. मग लोकांनी त्यांना मयतीला बोलावणं सोडलं. ते दिसले की बायका फाटक लावून घ्यायच्या. "भाऊजीले वेड लागलं" इथपासून "आपलं पाप दुसऱ्याच्या माथी मारून राहिला" इथपर्यंत सगळं त्यांच्या पाठीमागे आणि कधी समोरही बोललं गेलं. ज्या माणसानं निम्म्या लेआउटच्या तिरड्या बांधल्या होत्या, त्याला बाहेरच्या बाहेर हाकलत होते.

हे सगळं नंतरचं. मुख्याध्यापकांचं तेरावं झालं आणि मुख्याध्यापकीण बाई भाऊजींच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ताईंना वाटलं, भांडायला आल्या.

"मला शिकवा," त्या म्हणाल्या.

भाऊजींनी लोड आणला, जमिनीवर ठेवला. बाई गुडघे दुखत असताना खाली बसल्या. त्यांनी आधी हळू दाबलं, मग जोरात, मग दातओठ खाऊन. लोड कोणाचा तरी शत्रू असल्यासारखा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि भाऊजी थांबा म्हणत नव्हते. "कोपर सरळ. खांद्यातून जोर. थांबू नका, बाई, थांबू नका." भिंतीपलीकडे खाटेवर सासूबाई होत्या. त्यांना सगळं ऐकू जात असणार.

बाईंच्या मागून आणखी चौघी आल्या. मीही गेले, कारखान्यात एकदा दाबून पाहिलं होतं ते हातातून गेलं होतं. नंतर देवळाच्या हॉलमध्ये रीतसर शिबिर झालं, बाहेरून माणसं बोलावून. भाऊजींना आमंत्रण नव्हतं. आले तर वातावरण बिघडवतील, असं समितीचं म्हणणं. शिबिराला गर्दी मात्र चांगली होती. खरं सांगू का, त्यातले निम्मे लोक भाऊजींच्या भीतीनं आले होते. उद्या आपल्या घरी कोणी गेलं आणि हा माणूस दारात येऊन उभा राहिला, तर सांगायला काहीतरी पाहिजे.

मग एका रविवारी सकाळी ताईंची किंकाळी आली.

मी धावले. सासूबाई मोरीच्या दाराशी पडल्या होत्या. ताई त्यांना उठवून बसवायला बघत होत्या. भाऊजी आले, ताईंच्या हातातून त्यांना सोडवलं, उताणं निजवलं, खांदे हलवून हाक मारली, छातीकडे पाहिलं. सासूबाईंचं तोंड उघडलं. मिटलं. बऱ्याच वेळानं पुन्हा उघडलं.

"पाणी!" ताई ओरडल्या. "आई पाणी मागून राहिली!"

"नाही," भाऊजी म्हणाले. मला म्हणाले, "फोन कर." आणि दाबायला लागले.

मी फोनवर पत्ता सांगत होते आणि समोर तो आवाज ऐकत होते. प्लास्टिकचा टक् नव्हे. ओली काटकी मोडावी तसा. एकदा, मग पुन्हा. ताईंनीही ऐकला. त्या भाऊजींच्या अंगावर झेपावल्या, पाठीवर मारायला लागल्या, केस ओढायला लागल्या. "सोडा माह्या आईले! भावाले मारलं, आता आईले मारून राहिले! कोणी धरा वं याले!"

दारात गर्दी जमली होती. दोन पुरुष खरंच त्यांना धरायला पुढे झाले. मुख्याध्यापकीण बाई त्यांना ढकलून आत आल्या. त्यांनी ताईंना मागून दोन्ही हातांनी कवळलं.

"मी दाबलं नव्हतं," त्या ताईंच्या कानात म्हणाल्या. "तू यांना दाबू दे."

ताईंचा जोर गेला. भाऊजी थकले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बसले. माझ्या तळहाताखाली सैल झालेली हाडं जागची हलत होती, ते कधी विसरता येणार नाही. मग बाई बसल्या. मग पुन्हा भाऊजी. एवढ्या वेळात कोणी कांदा आणला नाही, कोणी चप्पल काढली नाही. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी छातीवर पट्ट्या चिकटवल्या, शॉक दिला आणि थोड्या वेळानं म्हणाले, "नाडी लागली."

भाऊजी मोरीच्या उंबऱ्यावर बसून राहिले. कोणीतरी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

सासूबाई पेसमेकर बसवून घरी आल्या. तीन बरगड्या मोडलेल्या होत्या, कूस बदलताना किंचाळायच्या. आणि घरी आल्या त्या दिवसापासून जावयाशी बोलायला लागल्या. बोलायला म्हणजे काय, ऐका.

"मुडद्या, काहून आणलं मले परत? मी माह्या पोराजवळ चालली होती. अर्ध्या रस्त्यातून ओढून आणली. तुह्यं वाटोळं होवो. त्याले पाठवलं अन् मले ठेवलं. मेल्या, जाऊ द्याचं होतं तं जाऊ दिलं नाही, अन् ठेवाचं होतं त्याले..."

सकाळी उठल्यापासून हे चालू. खोकला आला की बरगड्या दुखायच्या आणि नवी शिवी यायची. ताईंना शाळेच्या पोषण आहाराचं काम असायचं. भाऊजींनी तोवर नोकरी सोडली होती, त्यामुळे सगळं तेच करायचे. उठवणं, फिरवणं, पाठ पुसणं, केस विंचरणं. पाण्याचा ग्लास पुढे केला तेव्हा पहिल्यांदा सासूबाईंनी तो उडवून लावला. दुसऱ्यांदाही. मग नागपूरचा उन्हाळा सुरू झाला, आणि तहानेपुढे राग किती दिवस टिकणार? घ्यायच्या. पिऊन झाल्यावर ग्लास परत देताना शिवी द्यायच्या.

मी एकदा ताईंना म्हटलं, "आई फारच टाकून बोलतात भाऊजींना."

ताई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यांना जवाईबापू म्हणे आई. अहोजाहो करे. मुडद्या, मेल्या असं घरात एकालेच म्हणे. माह्या भावाले."

भाऊजींना हे कळलं होतं की नाही, सांगता येत नाही.  शिव्या वाढल्या की ते मान हलवून "हव, आई, हव" म्हणायचे. एकदा मला म्हणाले, "एका दमात इतक्या शिव्या देते, साळीबाई. फुफ्फुस मस्त आहे."

ताई मात्र त्यांच्याशी कामापुरतं बोलायच्या. 'भावाले मारलं' हा तोंडातून निघालेला शब्द परत घ्यायला त्या कधी बसल्या नाहीत, आणि त्यांनीही कधी मागितला नाही. आता घ्यायला तर समोर माणूसच नाही.

कुहीकडे भाऊजींची वडिलोपार्जित दोन एकर धानाची जमीन होती. ती त्यांचा भाऊ कसायचा. दिवाळीनंतर धान कापणीला ते दर वर्षी दोन दिवस जायचे, तसे गेले. दुपारी मजूर जेवायला झाडाखाली गेले. भाऊजी म्हणाले, तुम्ही व्हा पुढे, मी एवढी ओळ काढून येतो. ते आले नाहीत म्हणून भाऊ बघायला गेला, तेव्हा ते कापलेल्या धानावर पालथे पडलेले होते. विळा हातात होता. किती वेळ झाला होता कोण जाणे. अंग थंड पडायला लागलं होतं.

त्यांना आणलं तेव्हा लेआउटमध्ये खूप माणसं जमली. फाटक लावून घेणारे, कॉलर धरणारे, सगळे. शिबिरात शिकलेले तीस-चाळीस लोक तिथं हात बांधून उभे होते. तिरडी बांधायला कोणाला नीट येईना. गाठी सुटत होत्या.

सासूबाईंना कोण सांगणार, हा प्रश्न होता. शेवटी ताईंनीच सांगितलं. म्हातारी बराच वेळ लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"कोणी होतं काय जवळ?" तिनं विचारलं.

"नाही, आई."



परवा मी गेले होते. थंडी आहे म्हणून ताईंनी खाट अंगणात उन्हाला टाकली होती. मी पायाशी बसले, विचारलं, "आई, कसं आहे?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओळखलंही, आणि पुन्हा डोळे मिटले. ताई म्हणाल्या, आता असंच आहे. कोणाला काही म्हणत नाही. दिलं तर खाते, पाणी लावलं तर पिते.

मी बसून राहिले. लुगड्याच्या पदराखाली छाती वर होत होती, खाली जात होती. ज्या बाजूच्या बरगड्या मोडल्या होत्या त्या वाकड्या जुळल्या आहेत, त्यामुळे डावी बाजू जरा उशिरा वर येते. उजवी आधी, मग डावी. उजवी, मग डावी. ऊन उतरेपर्यंत मी तेवढंच बघत होते.